पन्ह्याचा कूलर

आईवडिलांच्या खालोखाल मी आज जो काही आहे तो एका माणसामुळे आहे. ते म्हणजे साउथहॅम्प्टनचे आमचे सर. त्यांचं नाव छापलेलं त्यांना आवडणार नाही, म्हणून 'सर' एवढंच लिहितो. मी त्यांना कधी दुसरं काही म्हटलंही नाही.

सर भूलतज्ज्ञ होते. तीसेक वर्षं त्यांनी इथल्या हॉस्पिटलात माणसं झोपवली. "आणि उठवली," ते लगेच जोड देत. "झोपवणं कुणीही करेल. पगार उठवण्याचा मिळतो."

मी त्यांच्या घरी राहायला गेलो तेव्हा त्यांना निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती आणि काकूंना जाऊन एक. मी मेहकरचा. वडील एसटी डेपोत मेकॅनिक. घरातला पहिला पदवीधर मीच, त्यामुळे माझ्या इंग्लंडला जाण्याची बातमी डेपोतल्या प्रत्येक कंडक्टरने आपापल्या मार्गावर पोहोचवली होती. इथली डॉक्टरांची परीक्षा मी पास झालो. नोकरी मात्र मिळेना. एकेका जागेसाठी ढिगाने अर्ज जात होते आणि माझा कागद त्या ढिगात कुठे असायचा ते मला कधी कळलं नाही. व्हिसाचे आठ महिने उरले होते. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत कुणीतरी मला सरांपुढे उभं केलं आणि सांगितलं, "यांच्याकडे वरची खोली रिकामी आहे, विचार."

मी विचारायच्या आत सरांनीच विचारलं, "ड्रिल धरता येतं का?"

"येतं, सर. वडील डेपोत मेकॅनिक आहेत."

"मग सामान घेऊन ये."

माझ्या गुणपत्रिका, माझी दोन सुवर्णपदकं, सगळं बॅगेतच राहिलं.

ड्रिल त्यांना कूलरसाठी हवं होतं. शेजारी केन नावाचे गृहस्थ राहत. जन्मभर बंदरावर क्रेन चालवून निवृत्त झालेले. काकू गेल्यावर सर घराबाहेर पडेनात, तेव्हा केननी त्यांच्या दारात बिअर बनवायचा एक तयार डबा आणून ठेवला होता. पाणी ओता, यीस्ट घाला, थांबा. सरांनी ती बिअर केली आणि म्हणाले, "हे म्हणजे पाकिटातलं सूप झालं. मला धान्यापासून करायचंय."

धान्य म्हणजे माल्ट. मोड आणून वाळवलेले आणि भरडलेले सातू, म्हणजे जव. ते गरम पाण्यात तासभर मुरवलं की त्याचा गोडवा पाण्यात उतरतो. ते गोड पाणी काढून घ्यायचं, उकळायचं आणि मग यीस्टच्या हवाली करायचं. पण त्या तासाभरात उष्णता हलता कामा नये. त्यासाठी जे भांडं लागतं त्याला मॅश टन म्हणतात. आणि थंड सरबत थंड ठेवणारा कूलर गरम लापशीही गरम ठेवतो, हे केननी सरांना सांगितलं होतं.

कूलर होता मंडळाचा. पिवळ्या रंगाचा, गोल, खाली तोटी असलेला, मंडळाच्या पिकनिकला सरबताने भरून न्यायचा. मंडळाने नवा घेतला तेव्हा जुना सरांच्या गॅरेजमध्ये राहून गेला. त्यावर काळ्या मार्करने काकूंच्या अक्षरात 'पन्हं' असं लिहिलेलं होतं. सरांनी त्या कूलरला ड्रिल लावलं, तोटी उपटली, पितळी कॉक बसवला, पण त्या अक्षरांना हात लावला नाही. पुसायच्या स्पिरिटची बाटली मी एकदा उचलली तर म्हणाले, "ते राहू दे. भांड्याला स्वतःचं नाव असतं."

पुढे गुढीपाडव्याच्या आधी मंडळाच्या सेक्रेटरींचा फोन आला. "डॉक्टर, यंदा माणसं जास्त आहेत. आपला तो जुना सरबताचा कूलर तुमच्याकडेच ना?"

"आहे," सर म्हणाले. "पण त्याचं ऑपरेशन झालंय. आता तो फक्त गरम घेतो."

कूलरच्या तळाशी गाळणी हवी होती. बाजारात मिळणारी सरांना नको होती. सिंकखाली नळाला जोडायला स्टीलच्या जाळीचा लवचिक पाइप असतो, तसा एक आणून त्यांनी आतली रबरी नळी ओढून काढली. उरली ती नुसती जाळी. सदरा ठेवायचा आणि आतला माणूस काढून टाकायचा, असं ते ऑपरेशन होतं. जाळीचं एक टोक चेपून बंद केलं आणि दुसरं कॉकला आतून जोडलं. मग पाणी भरलं, आणि कॉकच्या भोवतीने टिप टिप गळायला लागलं.

दोन दिवस गळत होतं. शेवटी सर म्हणाले, "वडिलांना फोन लाव."

"मेहकरला?"

"वॉशरवाला माणूस तोच आहे ना आपल्याकडे?"

मी फोन लावला. वडिलांनी विचारलं, "कशाचं भांडं आहे?" मी कूलरकडे बघितलं आणि म्हणालो, "पन्ह्याचा कूलर आहे, बाबा." वडिलांनी सांगितलं, वॉशर आतूनबाहेरून दोन्हीकडून लाव, आणि टेप आट्यांच्या दिशेनेच गुंडाळ, उलटी गुंडाळलीस तर आवळताना सुटते. मग सरांनी फोन घेतला आणि दोघं वीस मिनिटं रबराच्या जाडीवर बोलले. सरांनी आयुष्यात माझी शिफारस केली त्याआधी माझ्या वडिलांची केली. सगळ्यांना सांगत, "आमचे एक कन्सल्टंट मेहकरला असतात."

फोन ठेवल्यावर मात्र ते माझ्याकडे वळले. "बिअरचं का नाही सांगितलंस?"

"आईला आवडणार नाही, सर."

"हं. तू घेतोस ना पण?"

माझा मामा दारूने गेला. विमानात बसण्याआधी आईने माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून घेतला होता. हे सांगायला दोन वाक्यं पुरली असती. पण मला खोली मिळाली होती, छत मिळालं होतं, आणि समोर असा माणूस होता की ज्याने एक फोन केला तर माझं आयुष्य मार्गी लागणार होतं. मी म्हणालो, "घेतो की, सर."

कूलर गळायचा थांबला.

सरांची सगळ्यांत मोठी लहर म्हणजे तक्ता. ऑपरेशन चालू असताना भूलतज्ज्ञ दर पाच मिनिटांनी नाडी आणि रक्तदाब टिंबांनी मांडत जातो. सर कूलरचा तसाच तक्ता ठेवत. वरून मॅश, म्हणजे ती माल्टची लापशी, झाकायला ते काकूंची गोधडी वापरत आणि तिच्या कडेतून थर्मामीटर खुपसलेला असे. मी आकडा वाचायचा, त्यांनी टिंब द्यायचं. सहासष्ट. सहासष्ट. साडेपासष्ट. "पेशंट जरा गारठलाय," असं म्हणून ते गोधडी सारखी करत. मॅश संपला की जुन्या स्टेथोस्कोपने कूलरला कान लावत आणि केनला सांगत, "स्थिर आहे. नातेवाइकांना आत सोडा."

केन म्हणत, "डॉक, बारा वर्षं मी घरी बिअर करतोय. कूलरची छाती तपासलेली कधी बघितली नाही."

"म्हणूनच तुझे पेशंट आंबट निघतात."

तक्त्याच्या शेवटी तीन रकाने असत. काय केले. काय झाले. कारण. सर म्हणत, "कारणाचा रकाना रिकामा राहिला तरी चालेल. खोटा भरलेला चालणार नाही."

याचं मूळ त्यांनी एकदा सांगितलं. नवीन असताना एका म्हातारीला घशात नळी घालताना त्यांच्या हातून तिचा पुढचा दात तुटला. त्यांनी कागदावर लिहिलं, दात आधीच हलत होता. कुणी विचारलं नाही. तीन दिवसांनी म्हातारी घरी निघाली तेव्हा मुद्दाम त्यांना शोधत आली, हात धरला आणि म्हणाली, "माझा दात हलतोय हे मलासुद्धा माहीत नव्हतं. तुम्ही किती काळजीने बघितलंत." सर म्हणाले, "तिने मला शिव्या दिल्या असत्या तर मी विसरून गेलो असतो."

फेब्रुवारीत एका सकाळी सर दाताच्याच डॉक्टरकडे गेले होते. माल्टची पिशवी मला तयार ठेवायला सांगितली होती. मी ती उघडून बघितली. भरड माल, सालं तशीच, अर्धे दाणे जेमतेम फुटलेले. आमच्या घरी आई नाचणीला मोड आणून सत्त्व करते. वाळवून, दळून, फडक्यातून गाळून. जितकं बारीक तितकं सत्त्व जास्त, हे मी पाळण्यात असल्यापासून बघत आलो. मला वाटलं, दुकानदाराने काम अर्धवट केलंय. सरांना खूश करायची ही संधी. काकूंनी भारतातून आणलेला मिक्सर काढला आणि पिशवीतला निम्म्याहून जास्त माल्ट पिठासारखा बारीक करून परत भरून ठेवला.

भरड ठेवण्याला कारण असतं. सालांचाच थर जाळीवर बसतो आणि तोच गाळणी होतो. हे मला माहीत नव्हतं.

तासाभराने सरांनी कॉक उघडला. दोन थेंब पडले. मग काहीच नाही. ढवळलं, फुंकर मारली, गरम पाणी वाढवलं. आत पतंगाची खळ झाली होती. सरांनी स्टेथोस्कोप लावला, बराच वेळ ऐकलं आणि म्हणाले, "श्वासनलिका बंद. काय झालं असेल?"

मी म्हणालो, "माल्टच खराब आला असेल, सर."

सरांनी दुकानात फोन केला. दुकान एक बाई एकटीच चालवत होती. ती बिचारी इतकी ओशाळली की दुसरी पिशवी स्वतः आणून देते म्हणाली. सर म्हणाले, "नको. कारण कळलं की कळवतो." आणि तो तक्ता त्यांनी गॅरेजच्या दारावर खिळ्याला अडकवला. काय केले, भरलेलं. काय झाले, भरलेलं. कारण, रिकामं.

गॅरेजमधूनच मागच्या दाराला जावं लागे. मी दिवसातून सहा वेळा त्या कागदासमोरून गेलो. सर जेवताना भाजी वाढत होते, माझे अर्ज वाचून स्वल्पविराम सुधारत होते. पाचव्या दिवशी मी पेन घेतलं आणि रकान्यात लिहिलं, 'मी मिक्सरमधून काढले. आईच्या सत्त्वासारखे वाटले. माल्ट चांगला होता.' आणि खाली सही केली.

संध्याकाळी सरांनी वाचलं. आत गेले, मिक्सरचं झाकण घेऊन आले. रबराच्या कडेत पांढरं पीठ तसंच बसलेलं होतं.

"त्याच दिवशी दिसलं होतं," ते म्हणाले. "आता दुकानात फोन तू कर."

मी केला. बाई हसत सुटली. आणि त्याच आठवड्यात सरांनी बर्मिंगहॅमच्या त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्याला फोन लावला, ज्यासाठी मी सप्टेंबरपासून मनातल्या मनात हात जोडत होतो. मी जिन्यात उभा होतो. सर इंग्रजीत म्हणत होते, "हुशार किती ते तुम्हीच बघा. मी एवढंच सांगतो, हा मुलगा आपली चूक आपल्या हाताने लिहितो."

मी जिन्यातच बसलो. कारण त्या वेळी मागच्या पोर्चमध्ये कढीपत्ता पिवळा पडायला लागला होता.

तो काकूंचा होता. कितीतरी वर्षांपूर्वी साताऱ्याहून पर्समध्ये घालून आणलेलं बोटभर रोप. इंग्लंडात कढीपत्ता जगवणं किती कठीण ते इथल्या कुठल्याही मराठी घरात विचारा. काकूंनी तो छातीएवढा वाढवला होता. पूर्वी तो स्वयंपाकघराच्या खिडकीत असे. बिअरच्या बाटल्यांना जागा हवी म्हणून सरांनी तो काचेच्या पोर्चमध्ये हलवला. फोडणीला पानं तोडताना ते म्हणत, "हिची परवानगी घेऊन चारच."

नव्या वर्षापासून दर रविवारी चार वाजता चव घ्यायची बैठक असे. सर, केन आणि मी. ग्लास नाहीत, स्टीलची फुलपात्रं. "ग्लासातून रंग दिसतो आणि माणूस रंगावर मत देतो," असं सरांचं म्हणणं. मी माझं फुलपात्र घेऊन पोर्चच्या दारात उभा राही, जणू बाहेरची हवा हवी आहे. स्टीलमधून आत किती आहे ते दिसत नाही. दोघांचं बोलणं रंगलं की हात थोडा कलता करायचा. सिंकमध्ये आवाज झाला असता. मातीत होत नाही.

मग वळून म्हणायचं, "छान झालीय, सर."

मार्चमध्ये मंडळातले एक गृहस्थ आले. त्यांनी सरळ सांगितलं, "डॉक्टर, मी घेत नाही." सरांनी पापणीही न हलवता फ्रीजमधून कोकम सरबत काढलं आणि तसल्याच फुलपात्रात भरून दिलं. इतकं सोपं होतं ते. पण तोवर माझे कितीतरी रविवार झाले होते.

एप्रिलमध्ये मला बर्मिंगहॅमहून बोलावणं आलं. आधी दोन आठवडे वॉर्डात उभं राहून बघायचं, मग मुलाखत, मग नोकरी. निघायच्या आधी कढीपत्त्याचं शेवटचं पान गळलं. सरांनी कुंडी पालथी केली, मुळं हातात घेऊन वास घेतला. पण त्यांचं नाक जन्मभराच्या सर्दीने गेलेलं होतं. केनला विचारलं, नर्सरीत विचारलं. मग एक तक्ता केला. काय झाले: रोप मेले. कारणाच्या रकान्यात त्यांनी बराच विचार करून लिहिलं, 'माझी हलगर्जी?' आणि तो कागद खिळ्याला अडकवला.

मी तो वाचला. खिशात पेन होतं. जिन्यात ऐकलेलं वाक्य डोक्यात होतं, आणि बर्मिंगहॅमची बस दीड तासावर होती. मी वाकून नमस्कार केला आणि निघालो.

नोकरी लागली. भूलशास्त्रातच लागली. वडिलांनी डेपोत पेढे वाटले. दर दिवाळीला मी सरांना फोन करी आणि ते विचारत, "उठतात ना सगळे?" बिअरचा विषय मी काढत नसे, तेही काढत नसत. तिसऱ्या वर्षी नाताळच्या सुट्टीत मी त्यांना भेटायला गेलो. सर आत चहा करत होते. केन कुंपणापाशी भेटले.

"डॉकने सोडून दिलं सगळं," ते म्हणाले. "तू गेलास त्यानंतर एकदाही केली नाही. मी किती वेळा म्हटलं. म्हणतो, या नादात बायकोचं झाड मारलं मी."

गॅरेजमध्ये कूलर पालथा घातलेला होता. 'पन्हं' उलटं दिसत होतं. दारावर तो कागद होता तसाच होता, खिळ्याभोवती गंजाचा डाग पडलेला.

त्या दिवशीही मी बोललो नाही. चहा प्यायलो आणि परतीची गाडी धरली. घरी पोहोचल्यावर कोट न काढता पत्र लिहायला बसलो.

त्याचं लेखी उत्तर आलं नाही. चौथ्या दिवशी फोन आला.  सर म्हणाले, "शनिवारी सुट्टी घे. माल्ट सांगितलाय. भरडच." मग म्हणाले, "आणि कोकम संपलंय, येताना घेऊन ये." गेलो तेव्हा तो जुना तक्ता खिळ्यावर नव्हता. तिथे माझं पत्र अडकवलेलं होतं. अजून आहे. ते असं:

ती. सरांस,
सा. न. वि. वि.

तक्ता माझ्याजवळ नाही, म्हणून रकाने इथेच लिहितो.

काय केले: तुमच्या घरी असताना दर रविवारी मला दिलेली बिअर मी पोर्चमधल्या कढीपत्त्याच्या कुंडीत ओतली. मोजले तर चौदा रविवार होतात.

काय झाले: रोप मेले. तुम्ही कूलर पालथा घातला.

कारण: मी दारू पीत नाही. आईला तसा शब्द दिला आहे. तुम्ही विचारलेत तेव्हा 'घेतो' म्हणालो, कारण मला तुमचा फोन हवा होता. 'छान झालीय' असे चौदा वेळा म्हणालो, त्यातले एकही खरे नाही. मला चव माहीत नाही. गोधडी उचलल्यावर जो वास येई तो मात्र मला खरोखर आवडत असे. आमच्या घरी नाचणीला मोड आले की तसाच वास येतो.

माझ्यासाठी तुम्ही फोनवर जे वाक्य बोललात ते मी जिन्यात ऐकले होते. ते त्या वेळी निम्मेच खरे होते. उरलेले निम्मे आज लिहितो आहे. तुम्हाला तो शब्द परत घ्यावासा वाटला तर मला समजेल.

नवे रोप आणावे असे मनात आले होते. पण ते काकूंचे होणार नाही, म्हणून आणले नाही.

एकच विनंती आहे. खिळ्यावरच्या कागदावर कारणाच्या रकान्यात तुम्ही स्वतःला लिहिले आहे. ते खोडावे, प्रश्नचिन्हासकट. तुम्ही रोप फक्त खिडकीतून पोर्चमध्ये नेलेत. तिथे ऊन जास्त येत होते.

आपला,
वरच्या खोलीतला